एक ठिपका की दोन

गिरणी बंद पडल्यावर जयवंत राणे घाटकोपरला दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. आखातातल्या एका कंपनीला अरबी लिहिणारा पेंटर हवाय, असं त्याच्या कानावर आलं आणि तो गोवंडीला हुसैनमिया परकारांकडे शिकायला गेला. परकारचाचा मूळचे दापोलीचे. उर्दू छापखान्यात तीस वर्षं त्यांनी हाताने मजकूर लिहिला होता.

चार महिने चाचांनी त्याला शब्द लिहू दिला नाही. आधी बोरूने चौकोनी ठिपका काढायचा, मग त्या ठिपक्यांनी अक्षराची उंची मोजायची. पानभर एकच अक्षर. चुकलं की नवं पान.

"ठिपका चुकला की अक्षरच बदलतं," चाचा म्हणायचे. "घाई नको. अजून सहा महिने तरी लागतील."

कंपनीची परीक्षा मात्र पंधरा दिवसांवर आली. नोकरी लावून देणाऱ्या एजंटने फॉर्मवर 'अरबी लिहिता-वाचता येते' असं भरून टाकलं. "कंपनीच्या अरब साहेबासमोर तोंड उघडायचं नाही. समोरचं बघून उतरवायचं," त्याने बजावलं.

अंधेरीच्या ऑफिसात तिघे उमेदवार होते. प्रत्येकाला एक पत्रा आणि झेरॉक्सचा कागद मिळाला. मजकूर विजेच्या धोक्याचा आहे, एवढं दुभाष्याने सांगितलं. बाकीचे दोघे लगेच रंगवायला लागले. जयवंतचा ब्रश तिसऱ्या शब्दावर अडला. एका अक्षराखाली शाई पसरली होती. तिथे ठिपका एक की दोन, कळेना. दारात एजंट उभा होता. दहा मिनिटं उरली होती.

तो उठला. "साहेब, इथला ठिपका दिसत नाही."

एजंटचा चेहरा उतरला. साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, "शब्द वाचता येत नाही?"

"नाही. अक्षरं ओळखतो. फॉर्मवर खोटं लिहिलंय."

साहेब खुर्चीतून उठला. मग त्याने दुसऱ्या दोघांचे पत्रे पाहिले. एकाने एक ठिपका दिला होता, दुसऱ्याने दोन. दोघांनी विचारलं काहीच नव्हतं. साहेबाने पेनाने कागदावर दोन ठिपके स्पष्ट केले आणि जयवंतला काम पुरं करायला सांगितलं.

पेंटरची जागा कोणालाच मिळाली नाही. जयवंतला वर्षभर इजिप्तच्या एका पेंटरच्या हाताखाली मदतनीस म्हणून घेतलं.

घरी त्याच्या बायकोने, रत्नप्रभाने, सगळं ऐकून घेतलं. "आणि तुम्ही गप्प बसला असता तर?"

"तर कदाचित पेंटर म्हणून गेलो असतो."

"आणि बोर्ड चुकला असता तर?"

जयवंत हात धुवायला उठला. तिने त्याचं ताट वाढलं.