थरथरणारं पाणी आणि लाल ठिपका

मी एक जुना लेझर आहे. मित्रांनो, माझे भाऊबंद आज कारखान्यात पत्रे कापतात, दवाखान्यात डोळे दुरुस्त करतात. पण १९६० साली परदेशात आमचा पहिला पूर्वज चमकला, तेव्हा या उजेडाचं करायचं तरी काय, हेच पुष्कळांना कळेना!

माझा जन्म १९७३ सालचा, नागपूरच्या एका कॉलेजातला. प्राध्यापक प्रेमिलाबाईंनी हट्टानं मला जुळवायला घेतलं. माझ्या काचेच्या नळीत हेलियम आणि निऑन वायू भरलेले, दोन्ही टोकांना आरसे. आरसे अगदी समोरासमोर आले, की उजेड त्यांच्यात येरझाऱ्या घालून बळावतो आणि सरळ रेघ होऊन बाहेर पडतो. केसभर वाकडे झाले, की सगळी मेहनत पाण्यात.

विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "सुट्टी संपेपर्यंत उजेड पडला नाही, तर हे सामान काढा. मला खोली बाकं ठेवायला हवी आहे."

मे महिना, त्यात नागपूरचं ऊन. शिपाई गोपाळरावांना माझी दया आली. "बाई, याले गर्मी होऊन राहिली," म्हणत त्यांनी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणून माझ्या टेबलाला टेकवला. केवढी माया! पण बाई स्क्रू फिरवून फिरवून थकल्या, आरसे काही जुळेनात. मला रडू यायचं.

एका दुपारी गोपाळरावांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. बाईंनी हात पुढे केला आणि त्या थबकल्या. ग्लासातलं पाणी थरथरत होतं. कूलर टेबलाला हलवत होता आणि टेबल माझ्या आरशांना.

"गोपाळराव, कूलर बंद करा."

"काहून? उकडून मरून जाऊ ना बाई!"

"उकडू द्या. आज हा लेझर पेटलाच पाहिजे."

दोघं घामानं निथळली. बाईंनी स्क्रू फिरवला, पुन्हा फिरवला. आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला!

"लागला ना बाई, लागला!" गोपाळराव ओरडले.

पुढे काही वर्षं मुलं माझ्याभोवती गर्दी करत. मग तयार लेझर विकत मिळू लागले आणि माझी रवानगी कपाटात झाली. बाई निवृत्त झाल्या, गोपाळरावही. आरशांवर धूळ बसली. फार वाईट वाटायचं.

१९८७च्या उन्हाळ्यात गोपाळराव मला भेटायला आले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जात चालली होती, ती लेझरच्या उपचारानं वाचली होती. कपाटाला हात लावण्याआधी त्यांनी कूलरचं बटण बंद केलं.

"काहून बंद केला काका?" नवा शिपाई वैतागला.

"याले चालत नाही." मग दार उघडून ते मला म्हणाले, "तुह्या भावानं माहा डोळा वाचवला, गड्या."

मी तर कधीचा विझलेलो. कूलर चालू राहिला असता, तरी माझं काय बिघडणार होतं? पण त्या दिवशी पुन्हा पेटावंसं वाटलं. मित्रांनो, जुन्या वस्तूला रोज पुसलं नाहीत तरी चालेल. तिला काय सोसत नाही, तेवढं मात्र विसरू नका.