बिडीचं ताट

"चुल्हा पेटना की पहिला इस्तो तेन्ही बिडीले दे, मंग तवा ठेव."

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला हे सांगितलं. त्यांचं नाव दगूबाई. मी कळसाडीला सून म्हणून आले ते सेहेचाळीस साल. माझे नेम आधीच पुष्कळ होते : आंघोळीशिवाय पाणी नाही, तुळशीला घातल्याशिवाय अन्न नाही, सोमवार, एकादशी. त्यात हा एक वाढला. चिमट्यात निखारा धरून ओसरीवर न्यायचा, हे वाकून बिडी पेटवायचे, पहिला धूर सोडायचे. मला तीही पूजाच वाटायची. बाजूला बसायचे चार दिवस सोडले, तर वीस वर्षांत एक सकाळ चुकली नाही.

खोकला लागला तेव्हाही चुकली नाही. उलट मी लवकर उठू लागले. सकाळची बिडी ओढली की यांचा कफ सुटायचा, जरा बरं वाटायचं. आमच्याकडे सगळेच म्हणायचे, बिडीने छाती मोकळी होते. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मी सोळा सोमवार धरले आणि निखारा देतच राहिले.

सहासष्टच्या उन्हाळ्यात धुळ्याला छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, डाव्या बाजूच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

"दिवसाला बिड्या किती?"

"एक बंडल. पाव्हणा उना तं दोन," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"मिसरूड फुटानं पहिले."

डॉक्टर हसले नाहीत. "फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. हा धुरानं होतो, असं आता मोठमोठे डॉक्टर सांगतात. मुंबईला नेऊन बघा. पण फार उशीर झालाय."

पेटवून देणाऱ्या बाईचं काय, हे मला विचारायचं होतं. पण चारचौघांत मी कधी बोललेच नव्हते.

मुंबईला जायला हे तयार झाले नाहीत. धाकटे दीर दोधूभाऊ तर डॉक्टरांवरच चिडले. "बिडीवरी कोनी मरस का? मन्हा आजा ऐंशी वरीस पेना! दादाले नजर लागेल शे." असं म्हणून त्यांनी यांच्या उशाशीच एक पेटवली.

दुसऱ्या सकाळपासून मी निखारा दिला नाही. तीन दिवस हे अंथरुणातून चुलीकडे बघत राहिले. चौथ्या दिवशी स्वतः उठले, भिंतीला धरत चुलीपाशी आले, वाकले आणि खोकल्याच्या उबळीने तिथेच कोसळले. ओठाला रक्त लागलं होतं, तरी हात चुलीकडे. मला बघवलं नाही. मी चिमटा उचलला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवालाही नाही, पण त्याला दिसलंच असेल.

श्रावणात बिडी आपसूक सुटली. ओढायला श्वासच उरला नव्हता. एका दुपारी यांनी मला जवळ बोलावलं.

"तुन्हा देव भेटना तं तेले काय सांगू?"

"असं बोलू नका."

"सांगसू, मन्ही बायकोना उपासे तुले कमी पडनात का रे?" हसायला गेले आणि खोकले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ऐक. दोधूबी आते मन्हासारखाच खोकस. मी गऊ का लोके दुखवटाले दारवर येतीन, तेस्नापुढे बिडीनं ताट फिरी. मन्हा दारवर ते ताट नको. मन्हं मरण पाहीसन बी लोके बिडी पेतीन, तं मी फुकट मरनू."

"मी थांबवीन."

"तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुन्हा आवाज तं तुळसलेबी ऐकू येत नही."

"थांबवीन," मी पुन्हा म्हटलं. त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं.

पाचव्या दिवशी हे गेले.

आज तिसरा दिवस. म्हसावदहून गाडी भरून पुरुष भेटायला आलेत, ओट्यावर बसलेत. मी आतल्या कोपऱ्यात. तेराव्यापर्यंत इथून उठायचं नाही. दोधूभाऊंची बायको फुलवंताबाई माझ्यासमोरच पितळी ताटात बिड्यांची बंडलं लावत होती.

"फुलवंता, ताट नको नेऊ."

"काय म्हनतस, बाई?"

"हे सांगून गेलेत."

तिने कपाळाला हात लावला. "लोके काय म्हनतीन? दादाना मरणले साधी बिडी नही मिळनी?" तिने दारातून दोधूभाऊंना हाक मारली. ते आत आले, त्यांचे डोळे सुजले होते.

"वयनी, दुखमा माणूस काहीबी बोलस. तुम्ही बठा," असं हळूच म्हणाले, ताट घेतलं आणि बाहेर गेले.

काडी ओढल्याचा आवाज आला, मग धुराचा वास. ओट्यावरच्या पुरुषांच्या खिशात बिड्या होत्याच. मी ताट उचललं तरी कुणी कमी ओढणार नव्हतं. हे मला कळत होतं. मला यांचं काहीच वाचवता आलं नव्हतं, दोधूभाऊंचंही येईलसं वाटत नव्हतं. बाहेर ते खोकू लागले. कोरडा, खोल खोकला. मी वर्षभर रोज पहाटे ऐकलेला.

"बाई, कोठे? आते उठानं नही!" फुलवंताने माझा हात धरला.

मी तो सोडवला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ओट्याच्या दाराकडे निघाले.