रोवणीचे चार दिवस

गडचिरोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकं होती आणि बाकांवर अकरा माणसं. त्यातली दोनच उर्वशीच्या ओळखीची: वकीलबाई जरीना शेख आणि नवरा निकेश. तिच्या पिशवीत लग्नपत्रिका, दोन फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोघांच्या सह्यांच्या अर्जाची नक्कल होती. गेल्या जुलैतले चार दिवस मात्र यातल्या एकाही कागदावर नव्हते.

घटस्फोटाचा अर्ज डिसेंबर २००१चा. वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतो, एकत्र राहणं जमत नाही, राजीखुशीनं सुटतो आहोत, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा दोघांनी शपथेवर तेच सांगितलं. मग कायद्यानं सहा महिने थांबायचं होतं. तेवढ्या काळात कुणाचं मन बदललं तर तो मागं फिरू शकतो, हे जरीनाबाईंनी दोघांना समजावलं होतं. आता जून संपत आला होता आणि न्यायाधीशांपुढं दुसऱ्यांदा उभं राहायचं होतं.

ते चार दिवस असे घडले. वेगळं होऊन नऊ महिने झाले असताना धानोऱ्याजवळच्या गावाहून सासू आशाबाईंचा निरोप आला की पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, पिवळे पडून राह्यले, ये. त्या घरात रोवणीची पहिली पेंडी सुनेच्याच हातानं बांधीत, बांध घातलेल्या धानशेतात, लागायची, त्याआधी कुणी चिखलात पाय घालत नसे. दुसरी सून घरात नव्हती. उर्वशी गेली, चार दिवस कमरेत वाकून धान रोवलं आणि परत आली. शपथ घेताना हे सांगायचं असतं, असं तिच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात घातलं ते निकेशनं. डिसेंबरात शपथ घेऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता तो हसत म्हणाला होता, "रोवणीचं सांगू का सायबाले?"

सहा महिने तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, जरीनाबाईंनाही नाही.

बाजूला पोटगीच्या केससाठी आलेली बायनाबाई बसली होती. आठ तारखा झालेल्या, म्हणून अर्धी वकीलच. उर्वशीनं मैत्रिणीची गोष्ट म्हणून तिला विचारून पाहिलं.

"एका छपराखाली निजली ना, तं वरीस पहिलेपासून मोजतेत बाई," बायनाबाई सुपारी कातरत म्हणाली. "अन् शपथ खोटी निघाली तं मैत्रिणीले म्हणा, चटई घेऊन जाय जेलात."

उर्वशीनं मनात हिशेब केला. पुन्हा नवा अर्ज, वर पुन्हा सहा महिने. सुनेला परत आण म्हणून आशाबाई निकेशच्या मागं लागल्याच होत्या. त्याचा होकार आज होता. सहा-सात महिन्यांनी तो असेल याची खात्री कोण देणार?

पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, अजून मर्जी तीच आहे का? निकेश हो म्हणाला. उर्वशीही हो म्हणाली. तिथंच थांबता आलं असतं, पण निकेश खाकरला. त्यानं सांगण्याआधी आपणच सांगावं.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

जरीनाबाईंनी झटकन मान वळवली. उर्वशीनं चारही दिवस सांगून टाकले. तुम्ही कुठं झोपत होता, असं न्यायाधीशांनी तिला विचारलं. सासूजवळ, सैपाकखोलीत, असं तिनं सांगितलं. तेच त्यांनी निकेशला विचारलं.

निकेशनं आधी जरीनाबाईंकडं, मग उर्वशीकडं पाहिलं. वरचा पंखा कुरकुरत होता.

"मी वावरात होतो, साहेब," तो म्हणाला. "चारी रात पाणी राखलं. बांधी फुटते." मग खाली पाहत, "आईनं बलावलं म्हणून ते आली. माह्यासाठी नाई."

छप्पर एक असणं वेगळं आणि नवराबायको म्हणून नांदणं वेगळं, असं म्हणत न्यायाधीशांनी दोघांचे जबाब लिहून घेतले.

पुकारा अकरा वीसला झाला होता. अकरा एकेचाळीसला अर्ज मंजूर झाला.