राजाला दिलेला शब्द

यहूदियाच्या टेकड्यांवर हेमंतातली संध्याकाळ उतरत होती. जैतूनबनांची रुपेरी पाने काळवंडत होती, मेंढरांच्या वाटांवर केशरी धूळ निजत होती. आणि त्या मावळत्या, मंदावत्या, मौन आकाशात एकच तारा होता: शुभ्र, स्थिर, शांत. त्याच्याकडे पाहत तीन उंट बेथलेहेमची चढण चढत होते.

पुढच्या उंटावर मेहरदाद होता. पारसदेशीचा वृद्ध नक्षत्रवेत्ता, राजपुत्रांच्या कुंडल्या मांडता मांडता केस पिकलेला. हा तारा नव्या राजाचा, हे त्यानेच सगळ्यांआधी ओळखले होते. सोबतच्या दोघा मित्रांना घरदार सोडायलाही त्यानेच लावले होते.

पण शहाण्याची चूक शहाण्यालाच शोभते. राजा जन्मला म्हणजे राजवाड्यातच जन्मला असणार, असे तो धरून चालला. बेथलेहेमच्या वाटेला लागण्याआधी, आकाशाकडे बघायचे सोडून तो थेट यरुशलेमच्या महालात शिरला आणि सिंहासनावर बसलेल्या राजालाच विचारता झाला, की नवा राजा कुठे आहे. लांडग्याला कोकराचा पत्ता विचारावा, तशातली गत.

राजा रागावला नाही. मृदू, मंद, मधाळ हसला. तारा केव्हा उगवला, हे मात्र त्याने पुन्हा पुन्हा विचारले. मग शास्त्र्यांकडून बेथलेहेमचे नाव काढून दिले आणि उजवा हात पुढे केला. बाळ सापडले की मला येऊन सांगा, मलाही त्याला वंदन करायचे आहे, असे तो म्हणाला. मेहरदादने त्या हातात आपला हात दिला.

पारसदेशी हातात हात घालून दिलेला शब्द म्हणजे अग्नीसमोरची शपथ. तो मोडणाऱ्याला अग्निगृहाची पायरी पुन्हा चढता येत नाही, पंगतीला कुणी शेजारी बसवून घेत नाही. मेहरदादचा शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता.

तारा थांबला तो एका मातीच्या घरावर. दार इतके ठेंगणे, की मेहरदादची उंच टोपी चौकटीला अडली. त्याने ती काढली, गुडघे टेकले आणि रांगतच आत गेला. आत शेणाचा, ओल्या गवताचा, दुधाचा वास होता. योसेफ नावाचा सुतार कोपऱ्यात उभा होता, मरीया नावाची त्याची कोवळी, थकली पत्नी चुलीपाशी होती, आणि गाईच्या गव्हाणीत बाळ रडत होते.

राजाधिराज, भुवनभूषण, दिगंतविजयी: केवढी स्तुतिवचने त्याने घोकून आणली होती! एकही ओठांवर येईना. सोने, ऊद, गंधरस भुईवर ठेवून तिघेही ओशाळे होऊन बसून राहिले. चूल विझत आली होती. मरीयाने बाळ उचलले आणि त्या परक्या म्हाताऱ्याच्या हातात दिले.

"बाबा, धरा जरा याला. मी चूल फुंकते."

राजपुत्रांच्या कुंडल्या मांडल्या, पण राजाच्या लेकराला त्याने कधी हात लावला नव्हता. आता ते मस्तक त्याच्या उजव्या तळहातावर विसावले: इवले, ऊबदार, दूधओले. सैन्य नाही, सेवक नाही, अजून मानही सावरत नाही. ज्याच्या हाती पडेल त्याच्या भरवशावर राहणारा हा राजा.

मेहरदादने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. याच हाताने त्याने महालातल्या राजाचा हात धरला होता, गार, घामेजलेला. तारा केव्हा उगवला यावरून तो राजा बाळाचे वय काढत होता; ते वंदन करणाऱ्याला कशाला हवे? मारणाऱ्यालाच हवे.

महालात काय विचारले, काय कबूल केले, सारे त्याने काहीही न लपवता सांगून टाकले. मरीयाच्या हातून फुंकणी गळली. योसेफने दाराला अडसर घातला. मेहरदाद मान खाली घालून शिव्याशापांची वाट पाहू लागला.

मग मरीया त्याच्यापाशी येऊन बसली.

"इतक्या लांबून तुम्ही याला शोधायला आलात, बाबा. आता लपवायला मदत करा."

दूषण नाही, दुरावा नाही. ज्याच्या हातून घात झाला, त्याच्याच मांडीवर तिने लेकरू राहू दिले. राजांची क्षमा त्याने पुष्कळ पाहिली होती. ती उंचावरून खाली टाकली जाई. ही क्षमा मात्र जमिनीवर, शेजारी बसली होती. म्हातारा लहान मुलासारखा रडला.

"शब्द मोडतो मी," तो मित्रांना म्हणाला. "तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात तरी चालेल."

मित्रांनी उठून, आवाज होऊ नये म्हणून, उंटांच्या घंटांत लोकर कोंबली.

उजाडताना गावाबाहेर वाटा फुटल्या. उत्तरेची वाट यरुशलेमची. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. पूर्वेची वाट वाळवंटातून पारसदेशी जाणारी, जिथे आता कुठलेच दार मेहरदादसाठी उघडणार नव्हते. दक्षिणेची मिसर देशाला जाणारी, जिथे त्या राजाची सत्ता नव्हती. तिच्यावर योसेफ चालू लागला, गाढवावर मरीया, मरीयाच्या कुशीत बाळ.

आकाशात तारा उरला नव्हता. मेहरदाद वाटेवर उतरला, आणि ज्याच्या पाठीशी भाला नव्हता, माथ्यावर छत्र नव्हते, त्या पाठमोऱ्या राजापुढे त्याने सारे अंग भुईवर लोटून दिले. गाढवाच्या खुरांची धूळ उठली, सोनेरी, संथ, सावकाश. त्याच्या पांढऱ्या केसांवर येऊन बसली, आणि त्याने ती झटकली नाही.