नाव न उमटलेल्या पदव्या

चोवीस जानेवारी, सकाळी साडेनऊ. बोलिव्हियातल्या ला पास शहराच्या सान पेद्रो भागात फोर्तुनातो किस्बेर्तच्या छापखान्यातून काडेपेटीएवढी पदवी-प्रमाणपत्रं बाहेर पडली. एकावरही विद्यार्थ्याचं नाव नव्हतं.

निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव, असा नमुना होता. पट्टी उमटली, मोहोर उमटली, कुलगुरूंची सहीसुद्धा उमटली. नावाच्या जागी नुसता निळा रंग. संगणकाच्या पडद्यावर मात्र सगळी नावं ठळक दिसत होती.

त्या दिवशी आलासितासची जत्रा होती. वर्षभरात जे मिळावंसं वाटतं त्याची इटुकली प्रतिकृती घ्यायची आणि दुपारी बाराच्या ठोक्याला यातिरीकडून, म्हणजे तिथल्या आयमारा पुजाऱ्याकडून, तिला धूप दाखवून घ्यायचा. कोणी घर घेतं, कोणी ट्रक, कोणी सिमेंटची गोणी. बारा वाजून गेले की ते नुसतं खेळणं उरतं.

दोन्या सातुर्निनाने, म्हणजे सातुर्निनाबाईंनी, मुलीसाठी घेतलेला कागद उलटसुलट करून पाहिला.

"कासेरो, यात माझी जोसेलिन कुठंय?" नेहमीच्या दुकानदाराला मारतात तशी हाक मारून तिने विचारलं.

"पडद्यावर आहे, बघा ना."

"मग धूप काय पडद्याला दाखवू?"

जोसेलिनच्या स्थापत्याच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा मंगळवारी होती. दोनदा ती नापास झाली होती. ही तिसरी वेळ, आणि चौथी मिळत नाही.

"पेनाने लिहून टाका की," रांगेतला एक टॅक्सीवाला म्हणाला.

"हाताने नाव घातलेली पदवी? पोरीला इंजिनियर करायचंय, तुरुंगात नाही धाडायचं!"

रांग हसली. फोर्तुनातो हसला नाही. डिसेंबरभर कॅलेंडरं, मग जत्रेचं काम. त्याचे डोळे सुजले होते. आठवड्यापूर्वी विक्रेत्याने त्याच्या चित्रांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घालून दिली होती. तिच्यात प्रत्येक नव्या अक्षरावर 'खालच्या रंगावरच छापा' ही खूण आपोआप लागून येत होती. काळ्या अक्षरांना त्याने फरक पडत नाही. पांढऱ्याला मात्र शाईच नसते. खालचा निळा तसाच राहतो आणि अक्षर गडप होतं. त्याने खूण काढली, नवी फाइल उघडली. खूण परत हजर.

त्याने विक्रेत्याला फोन लावला.

"सेटिंग तशीच येते हो. बऱ्याच जणांना सोयीची पडते."

"कोणाला?"

"ते मला काय माहीत! लवकर बोला, मलापण बाराला जत्रेत पोचायचंय. घर घेतोय यंदा."

"घर घ्या, दोन मजली घ्या. आधी ही खूण कायमची कशी काढू ते सांगा."

"सगळ्या फाइली बंद करा. रिकाम्या प्रोग्राममध्ये काढा. फाइल उघडी असली तर ते तेवढ्या फाइलीपुरतंच धरतं."

फोर्तुनातोने तसं केलं. प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला, नवी फाइल उघडली. खूण नव्हती. पण जुन्या नावांवर ती चिकटलेलीच होती, आणि फाइली गिऱ्हाइकागणिक वेगळ्या. एकेक उघडून खूण काढायची, छापायचं, कापायचं.

पुन्हा छापून घ्यायला लागलेल्या रांगेत सातुर्निना बरीच मागे होती.

"दादा, मला पुढे जाऊ द्याल?" तिने टॅक्सीवाल्याला विचारलं.

"दोन्या, माझ्या भावाची डॉक्टरकी आहे हो."

"कितव्यांदा बसलाय?"

"पहिल्यांदाच."

"मग त्याला पुढच्या वर्षी घ्या!"

तो हलला नाही. मग ती शालीत हात खुपसून भिंतीला टेकून उभी राहिली.

तिचा कागद यंत्रातून आला तेव्हा चर्चमध्ये बाराच्या घंटा सुरू झाल्या होत्या. फोर्तुनातोने कडा सरळ न करताच तो कापून दिला. नाव पांढरं, स्वच्छ होतं. गरम कागद मुठीत धरून ती कोपऱ्यावरच्या यातिरीकडे धावली. तिथेही रांग होती. तिची पाळी आली तेव्हा घंटा थांबल्या होत्या.

"बारा आहेत ना अजून?" तिने विचारलं.

यातिरीने घड्याळ पाहिलं नाही. "द्या इकडे," म्हणाला आणि कागद धुरावर धरला.

आज, मंगळवारी, जोसेलिनची परीक्षा झाली. परीक्षकांनी तिला बाहेर थांबायला सांगून दार लावून घेतलं. हे लिहीपर्यंत दार उघडलेलं नाही.