न पडलेला कौल

रामा गुरवाने तगरीच्या दोन पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर दाबून बसवल्या आणि हात पंच्याला पुसत तो मागे सरला. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. एरवी रामाचा कौल म्हणजे चहा निवायच्या आत निकाल. ओली पाकळी दगडावर टिकून टिकणार किती? आज मात्र पाकळ्या लावायलाच त्याने बराच वेळ घेतला होता.

समोर हौसा बसली होती. तिचा मुलगा रितेश मुंबईत तापाने गेला, त्याला दोन वर्षं झाली. सून तेजस्वी तिच्याजवळच राहिली आणि पाली गावातल्या काजूच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. तिथल्याच एका मुलाने आता तिला मागणी घातली होती. तेजस्वीच्या मनात होतं, पण सासूच्या शब्दाबाहेर ती जाणार नव्हती. हौसाला तर ना हो म्हणवत होतं, ना नाही. शेवटी दीर केरू म्हणाला, देवीलाच विचारू.

केरूने दारातून डोकावलं.

"पडली काय रं?"

"नाय अजून. तू बाहेर बस, केरूदादा."

केरू जाऊन पारावर तेजस्वीपासून जरा लांब बसला.

"घरात समदं बरं ना, वयनी?" रामाने विचारलं.

"बरं म्हंजे..." हौसाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रितेश वळणावरनंच हाक मारायचा. आये, चा ठेव गो! अजून त्या येळेला माजा हात टोपाकडं जातो."

ती थांबली. इथवर आलं की लोक म्हणत, झालं गेलं, आता आठवण काढू नको. रामा मात्र मांडी घालून तिच्यासमोर खाली बसला.

मग हौसा बोलतच राहिली. रितेशला पेज चटका बसेल इतकी गरम लागायची. आई मोबाईल उलटा धरते म्हणून तो पोट धरून हसायचा. ते सांगताना ती स्वतःही हसली आणि लगेच रडली. रामाने तिला थांबवलं नाही की समजावलं नाही.

"तेजस्वीला ह्यातलं समदं ठावं हाय," शेवटी ती म्हणाली. "ती गेली का घरात त्याचं नाव घ्याला कोण उरत नाय. मला त्याचं भ्या वाटतं, रामा. तिच्या लग्नाचं नाय."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं आणि बाहेर ताटकळणाऱ्या पोरीची फार दया आली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"वयनी, कौल?"

हौसाने पाहिलं. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या.

"आता काय विचारायचं?"

बाहेर येऊन ती तेजस्वीपाशी थांबली.

"त्या पोराला रविवारी जेवाया बोलव. आनि लगीन झालं तरी येत जा गो माज्याकडं. आपण रितेशचं बोलत बसू."

तेजस्वीने तिचा हात घट्ट धरला.

"म्हंजे उजवी पडली?" केरूने विचारलं.

हौसा चपला शोधत होती.

आत रामाने पाकळ्या काढायला हात घातला. त्या सहजी निघेनात. पाण्याऐवजी त्याने त्या दाट गंधावर चिकटवल्या होत्या; संध्याकाळपर्यंतही पडल्या नसत्या. त्याने नखाने गंध खरवडलं, ओल्या फडक्याने देवीचे खांदे पुसले.

"एवढ्या बारीला सांभाळून घे, आये," तो हळूच म्हणाला.