गुळात कालवलेली गोळी

त्या साली वडवणीकडच्या विहिरीबी आटल्या, म्हणून आमचं गाव दसऱ्याआधीच ऊसतोडीला निघालं. आमच्या टोळीचा मुकादम शहादेव. त्याला साखर कारखान्यावर सगळ्यांच्या आधी पोचायची लई घाई. ट्रकात लेकरं ओकत्यात, रडत्यात, गाडी थांबवावी लागती, ते त्याला खपंना. म्हणून मेल्यानं उलटीच्या गोळ्या चेचल्या, गुळात कालवल्या अन् समद्या लेकरांना सारख्याच चारल्या. दहा वर्साच्या पोराला जेवढी, तेवढीच माझ्या दीड वर्साच्या नातीला, रुक्मीला. वर म्हणतो कसा, माझ्यापाशी भेदभाव न्हाई.

केज गाव मागं पडलं अन् ट्रकात चिडीचूप झालं. शहादेव खूश. पण रुक्मी दूध प्याया उठंना. माझ्या सुनंनं, शिवकन्यानं, तोंडावर पाणी मारलं, चिमटा काढला, तरी मान टाकलेलीच. मी केबिनवर धपाधपा हाणलं. शहादेव खिडकीतून म्हणला, झोपू द्या की, कारखान्यावर उठंल. गाडी पळतच राह्यली.

माझं डोकंच फिरलं. शहादेवचा संसार आमच्यासंगंच वर बांधलेला व्हता. कोयत्यानं दोरी तोडली अन् त्याची गादी, उशी, नवीकोरी पितळी घागर, एकेक रस्त्यावर भिरकावलं. घागर खणखणत गेली तशी गाडी करकचून थांबली. माझ्या लेकरासाठी न्हाई थांबली, घागरीसाठी थांबली!

पुढं जवळच सरकारी दवाखाना व्हता. तिथली डॉक्टरीण रुक्मीला बघून माझ्यावरच खेकसली, अजून उशीर केला असता तर पोरगी हाती लागली नसती म्हणली. मग समजावून सांगितलं, ही गोळी मोठ्या माणसानं निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, पण तिनं गुंगी येती. दारूवर घ्यायची न्हाई, गाडी हाकणाऱ्यानं तर न्हाईच. अन् एवढ्याशा लेकराला डॉक्टरला इचारल्याबिगर कणभरबी द्यायची न्हाई.

सांजच्याला रुक्मीनं डोळे उघडले अन् भोकाड पसरलं. तवा कुठं माझ्या जिवात जीव आला. भाईर येऊन बघते तर शहादेव उरलेल्या वाटंसाठी पुन्हा गोळ्या चेचीत बसलेला.

मी बायांना हाका मारल्या. समद्या लेकरं घेऊन खाली उतरल्या अन् ट्रकाम्होरं बसल्या.

"शहादेव," मी म्हणले, "आमची लेकरं ओकतील. ओकतील तिथं तू गाडी थांबवशील. न्हाई थांबवली तर तुझा ऊस तूच तोड."

पुढच्या वाटंत गाडी लेकरागणिक थांबली. दरखेपी मागचा फाळका आमी शहादेवलाच उघडाया लावला.